विश्लेषण : घरापर्यंत आलेल्या इंटरनेट केबलची नोंद कोणाकडे असते?

गावात नळयोजनेचा चर खोदायला जेसीबी लागला आणि वस्तीतले इंटरनेट बंद पडले, हा अनुभव ग्रामीण भागाला आता नवा नाही. ग्राहक फोन करतो. ‘केबल तुटली आहे, माणूस पाठवला आहे’ असे उत्तर मिळते. त्यानंतर सेवा दोन तासांत सुरू होणार की दोन दिवसांत, हे केबलच्या दर्जापेक्षा एका साध्या गोष्टीवर अवलंबून असते. केबल नेमकी कुठून गेली आहे आणि तिच्यातला कोणता धागा कोणत्या घराकडे जातो, हे कंपनीत कोणाला माहीत आहे? आणि तो माणूस त्या दिवशी कामावर आहे का? वर्धा जिल्ह्यासारख्या भागात काम करणाऱ्या छोट्या इंटरनेट कंपन्यांसाठी ही माहिती नोंदवून ठेवणारी चांगली आणि मोफत सॉफ्टवेअर आज उपलब्ध आहेत. तरीही निवड अनेकदा चुकते. कारण ‘कोणते सॉफ्टवेअर चांगले?’ हा प्रश्न आधी विचारला जातो आणि ‘नोंद करणार कोण?’ हा प्रश्न राहून जातो.

नोंद म्हणजे नेमकी कशाची?

छोट्या इंटरनेट कंपनीच्या जाळ्याचे तीन थर असतात. पहिला जमिनीवरचा : केबल कोणत्या खांबांवरून गेली, जॉइंट कुठे आहे, स्प्लिटर कोणत्या पेटीत आहे. दुसरा यंत्रांचा : ओएलटीच्या कोणत्या पोर्टवर कोणती केबल आहे, स्विच आणि राउटर एकमेकांना कसे जोडले आहेत. तिसरा पत्त्यांचा : कोणता आयपी पत्ता कोणत्या यंत्राला किंवा कोणत्या भागाला दिला आहे. ग्राहकाचे नाव, प्लॅन आणि पैसे बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात. बाकीचे तिन्ही थर बहुतेक ठिकाणी थोडे वहीत, थोडे एक्सेलमध्ये, थोडे व्हॉट्सअॅपवरच्या फोटोंत आणि बरेचसे जुन्या लाइनमनच्या डोक्यात असतात.

यातला जमिनीवरचा थर सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत खर्चिक. फायबरच्या केबलमधील धाग्यांना ठरलेल्या क्रमाने बारा रंग असतात : निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी आणि आकाशी. जोडणी करणाऱ्याने एका जॉइंटमध्ये घाईत निळ्याला हिरवा जोडला आणि ते कुठेच लिहिले नाही, तर पुढचा माणूस निळ्याच्या मागे निळाच शोधत बसतो.

तूट शोधण्यासाठी ओटीडीआर नावाचे यंत्र वापरतात. ते प्रकाश पाठवून धागा किती मीटरवर तुटला ते सांगते. पण ते धाग्याची लांबी मोजते, रस्त्याची नाही. समजा यंत्राने २,८०० मीटर दाखवले. वाटेत आठ खांबांवर प्रत्येकी २० मीटर केबल पुढच्या दुरुस्तीसाठी गुंडाळून ठेवली असेल, तर १६० मीटर केबल खांबांवरच लटकते आहे. म्हणजे तूट रस्त्याने साधारण २,६४० मीटरवर सापडेल. गुंडाळ्यांची नोंद नसेल तर महागडे यंत्र हातात असूनही माणसाला रात्री बॅटरी घेऊन खांब तपासत चालावे लागते.

वर्ध्यात हा प्रश्न अधिक का जाणवतो?

वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर असे आठ तालुके जिल्ह्यात आहेत. वर्ध्याहून आर्वी ५० किलोमीटरच्या पुढे आहे. घराघरांत फायबर पोहोचवणाऱ्या जीपॉन तंत्राची एका पोर्टची नेहमीची मर्यादा २० किलोमीटर. त्यामुळे एकाच कार्यालयातून सगळा जिल्हा चालवता येत नाही. दुसऱ्या गावात यंत्रे बसवावी लागतात, तिथे दुसरी माणसे लागतात आणि एकाने केलेले काम दुसऱ्याला समजावे अशी गरज तिथूनच सुरू होते.

दुसरे कारण खोदकाम. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा देवळीमार्गे फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. गावोगाव जलजीवन मिशनचे चर खोदले गेले. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप आणले. खोदणाऱ्याने जागा कळवायची, तिथे कोणाची वाहिनी आहे त्या मालकाला सूचना जाते आणि त्याने उत्तर द्यायचे, अशी त्याची रचना. कल्पना चांगली आहे. पण आपली केबल कुठून गेली याचा नकाशा ज्या कंपनीकडे नाही, ती या सूचनेला काय उत्तर देणार?

तिसरे कारण गावांची नावे. वर्धा शहराला लागून सिंदी (मेघे) आहे आणि सेलू तालुक्यात सिंदी (रेल्वे). पिपरी, सावंगी, बोरगाव यांच्यापुढेही ‘मेघे’ लागते. कारंजा म्हटले की घाडगे की लाड असे विचारावे लागते, कारण दुसरे कारंजा वाशीम जिल्ह्यात आहे. हा गोंधळ जुनाच आहे. गांधीजी १९३६ मध्ये ज्या सेगावात राहायला गेले, त्याची टपाले शेगावच्या नावाशी घोटाळत; म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. एक्सेलच्या एका रकान्यात नुसते ‘सिंदी’ लिहिणारा कर्मचारी आज तोच घोटाळा नव्याने तयार करतो. केंद्राच्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निर्देशिकेत प्रत्येक गावाला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक आहे. नावाबरोबर तो क्रमांक नोंदवला तर प्रश्न मुळातच मिटतो. त्यासाठी कोणतेही सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही.

चुकीच्या नोंदीची किंमत कोण मोजतो?

सेवा बंद राहणे ही किंमत दिसते. न दिसणारी किंमत त्याहून मोठी असू शकते. ऑगस्ट २००७ मध्ये पुणे पोलिसांनी बेंगळूरूच्या एका तरुण आयटी कर्मचाऱ्याला अटक केली. ऑर्कुट या तेव्हाच्या लोकप्रिय संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर टाकल्याचा आरोप होता. तपासाचा धागा होता एक आयपी पत्ता. तो कोणाचा, हे इंटरनेट कंपनीने पोलिसांना कळवले आणि ती माहिती चुकीची निघाली. त्या तरुणाला सुमारे ५० दिवस तुरुंगात काढावे लागले. ही चूक देशभर सेवा देणाऱ्या मोठ्या कंपनीकडून झाली होती. तिच्याकडे माणसे आणि यंत्रणा दोन्ही होत्या.

आज काम त्याहून गुंतागुंतीचे झाले आहे. जुन्या पद्धतीचे म्हणजे आयपीव्ही-४ चे पत्ते जवळपास संपले आहेत. आशिया-प्रशांत विभागात २०१९ पासून नव्या सदस्याला जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळतात. समजा एखाद्या कंपनीच्या ५,००० जोडण्या आहेत आणि पत्ते ५१२. म्हणजे एका पत्त्यामागे साधारण दहा घरे. पोलिसांची विचारणा आली की आयपी पत्ता, पोर्ट क्रमांक आणि नेमकी वेळ यांवरून आधी आतला पत्ता काढायचा, त्यावरून ग्राहकाचे लॉगिन आणि लॉगिनवरून घर. या नोंदी किती काळ ठेवायच्या याची मुदत दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये एक वर्षावरून दोन वर्षे केली. सर्व्हरचे घड्याळ काही मिनिटे मागे असले तरी साखळी चुकीच्या घरी पोहोचते.

साखळीची शेवटची कडी मात्र कोणत्याही लॉगमध्ये नसते. सावंगी (मेघे) आणि सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयांमुळे, हिंदी विद्यापीठामुळे वर्धा परिसरात बाहेरगावच्या विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोल्या पुष्कळ आहेत. एक विद्यार्थी जातो, दुसरा येतो. घरातला वायफायचा डबा तोच, लॉगिनही तेच आणि कागदोपत्री नाव मात्र तीन वर्षांपूर्वीच्या भाडेकरूचे. अशा वेळी कंपनीने ‘आमच्या नोंदीप्रमाणे’ म्हणून दिलेले उत्तर एखाद्या निरपराध मुलाच्या दारात पोलीस उभे करू शकते. म्हणून जाळ्याची नोंद हा कंपनीचा घरगुती मामला राहत नाही.

एक्सेल का पुरत नाही?

पुरते, पण एका टप्प्यापर्यंत. शे-दोनशे जोडण्या, एक गाव आणि सगळी केबल स्वतः ओढलेला माणूस असेल, तर वहीसुद्धा उत्तम चालते. तिथे सॉफ्टवेअरचा आग्रह धरणे म्हणजे वेळेचा अपव्यय. मर्यादा जोडण्यांच्या आकड्याने ठरत नाही. स्वतः न ओढलेली केबल दुरुस्त करायला दुसरा माणूस खांबावर चढतो, त्या दिवशी वही अपुरी पडते.

एक्सेलची अडचण अशी की ते काहीही लिहू देते. एकच पत्ता दोन यंत्रांना दिला तरी ते अडवत नाही. फाइलच्या चार प्रती चार जणांच्या फोनवर फिरतात. त्यातली खरी कोणती, हे बिघाड झाल्यावरच कळते. कोणी, कधी, काय बदलले याचा माग राहत नाही. आणि मुख्य म्हणजे ‘हा धागा तुटला तर कोणती घरे बंद पडतील?’ या प्रश्नाचे उत्तर ओळी-रकान्यांतून पटकन निघत नाही.

पर्याय कोणते आहेत?

या क्षेत्रात सर्वाधिक नाव घेतले जाते ते नेटबॉक्सचे. डिजिटलओशन या अमेरिकी क्लाउड कंपनीने ते स्वतःच्या गरजेसाठी बनवले आणि २०१६ मध्ये सर्वांसाठी खुले केले. यंत्रे, पोर्ट, जोडण्या, आयपी पत्ते हे सगळे ते एकमेकांशी बांधून ठेवते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडणीचा माग काढता येतो आणि प्रत्येक बदलाची नोंद राहते. पण त्याचा जन्म डेटा सेंटरच्या जगातला आहे. तिथे केबल एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जाते. शेताच्या बांधावरून, बाभळीच्या फांदीवरून जात नाही. स्प्लिटर आणि जॉइंट त्यात बसवता येतात, पण केबलचा रस्ता नकाशावर आखण्यासाठी ते बनलेले नाही. शिवाय ते चालवायला लिनक्स आणि डेटाबेस समजणारा माणूस लागतो. परवाना फुकट आहे, देखभाल फुकट नाही.

पीएचपीआयपॅम हे त्याहून लहान आणि सोपे. त्याचा मुख्य भर आयपी पत्त्यांवर आहे. कोणता गट वापरात आहे, कोणता मोकळा, हे ते स्वच्छ दाखवते. ज्यांना आज फक्त पत्त्यांचा गोंधळ आवरायचा आहे, त्यांना ते पुरेसे आहे.

लिब्रेएनएमएसचे नावही याच यादीत घेतले जाते, पण त्याचे काम वेगळे. ते जाळ्यावर नजर ठेवते. कोणते यंत्र चालू, कोणते बंद, कुठे किती वाहतूक हे ते सांगते. सध्या काय चालू आहे हे त्यातून कळते. काय असायला हवे होते, हे कळत नाही. रस्त्यावरचा सीसीटीव्ही आणि गावाचा नकाशा यांत जो फरक, तोच इथे. एक असले म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही.

जमिनीवरच्या थरासाठी क्यूजीआयएस हे मोफत नकाशा-सॉफ्टवेअर आहे आणि त्याच्या जोडीला मोबाइलवर चालणारे क्यूफील्ड. खांबाजवळ उभे राहून जीपीएसने जागा टिपायची, जॉइंट उघडून फोटो काढायचा, कोणता रंग कोणत्या रंगाला जोडला ते निवडायचे. रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये राहते आणि नंतर कार्यालयातल्या नकाशात मिळवता येते. फॉर्मचे रकाने कंपनीने स्वतः तयार करायचे असल्याने ते मराठीत ठेवता येतात. गुगलच्या नकाशावर आधीच खुणा करून ठेवल्या असतील तर त्याही यात आणता येतात.

याखेरीज फायबरच्या नोंदींसाठी पैसे देऊन घ्यायची तयार सॉफ्टवेअर आहेत. त्यांत नकाशा, स्प्लायसिंग, ग्राहक असे सगळे एकत्र मिळते. प्रात्यक्षिकात ती नेहमीच सुंदर दिसतात.

मग निवड कशी करावी?

वैशिष्ट्यांच्या याद्या समोरासमोर ठेवून निवड करणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. त्याऐवजी गेल्या महिन्यात झालेला एक खरा बिघाड घ्यावा. त्यातली केबल, जॉइंट, स्प्लिटर आणि घरे निवडीतल्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये भरावीत. मग चार प्रश्न विचारावेत.

पहिला, ज्याला खांबावर चढायचे आहे त्याच्या साध्या अँड्रॉइड फोनवर ही नोंद उघडते का आणि तिथेच बदलता येते का? दुसरा, हा धागा तुटला तर बंद पडणाऱ्या घरांची यादी दोन मिनिटांत निघते का? तिसरा, उद्या हे सॉफ्टवेअर सोडायचे ठरले तर सगळी माहिती उघड्या, दुसरीकडे वाचता येणाऱ्या फाइलमध्ये बाहेर काढता येते का? चौथा, कंपनीतला एक माणूस आजारी पडला तरी ते चालू राहील का? बॅकअप कोण घेतो, तो परत चालवून कधी पाहिला आहे का?

तिसऱ्या प्रश्नावर जे सॉफ्टवेअर नापास होते, ते कितीही देखणे असले तरी घेऊ नये. दर महिन्याचे भाडे थांबताच स्वतःच्या केबलचा नकाशा हातातून जाणार असेल, तर जुन्या लाइनमनच्या डोक्यातली माहिती फक्त दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेली, एवढाच बदल झाला.

या कसोट्यांवर, एक-दोन गावांत काम करणाऱ्या कंपनीसाठी केबलला क्यूजीआयएस-क्यूफील्ड आणि पत्त्यांना पीएचपीआयपॅम ही जोडी सर्वांत शहाणपणाची ठरते. अनेक गावांत यंत्रे बसली आणि लिनक्स सांभाळणारा किमान एक माणूस, त्याच्या पाठीशी शिकणारा दुसरा असला, की नेटबॉक्सकडे जावे. सुरुवातीलाच नेटबॉक्स बसवून वर्षभर अद्ययावत न करणे हे वहीपेक्षा वाईट. वही जुनी आहे हे दिसते तरी. स्क्रीनवरची जुनी नोंद खरी वाटते.

ग्राहकाचा फोन क्रमांक, आधारची प्रत असे काही या नोंदींत ठेवू नये. तिथे फक्त ग्राहक क्रमांक असावा आणि बाकी बिलिंगमध्ये. यंत्रांचे पासवर्डही इथे नकोत. नकाशा जितक्या जणांना दिसायला हवा, तितक्या जणांना ही माहिती दिसायला नको.

नोंद करणार कोण?

खरी अडचण इथे आहे. छोट्या कंपन्यांत लाइनमनला अनेकदा जोडणीमागे पैसे मिळतात. नोंदीमागे काही मिळत नाही. दिवसाला चार घरे जोडायची असताना पाचवे काम म्हणून तो फॉर्म का भरेल? दुसरी गोष्ट उघड बोलली जात नाही. केबल कुठून गेली हे फक्त आपल्यालाच माहीत असणे, ही त्याच्या नोकरीची हमी असते. ती माहिती संगणकात गेली की आपली गरज संपेल, ही भीती खोटी म्हणता येत नाही. मालकाची भीती वेगळी : नकाशा तयार झाला आणि तो घेऊनच कोणी प्रतिस्पर्ध्याकडे गेला तर?

या दोन्ही भीतींवर सॉफ्टवेअरमध्ये उत्तर नाही. मालकाच्या भीतीवर निदान उपाय आहे : प्रत्येकाचे वेगळे लॉगिन आणि ज्याला जितके लागते तितकेच दाखवणे. लाइनमनच्या भीतीवर उपाय व्यवहाराचा आहे. ‘नोंद झाली तरच जोडणी पूर्ण’ असा नियम करायचा असेल, तर जोडणीच्या दरात नोंदीचा मोबदला धरायला हवा. जुन्या केबलचा नकाशा ज्याच्या आठवणीतून तयार होणार, त्याला त्या दिवसांचे वेगळे पैसे द्यायला हवेत. ते ज्ञान आहे, फुकटची माहिती नव्हे. ज्या कंपनीला हा खर्च जड वाटतो, तिने पावसाळ्यातल्या एका रात्रीत तूट शोधण्यावर किती माणसांचे किती तास गेले, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

सुरुवात कुठून?

सगळे जुने जाळे एका महिन्यात नोंदवण्याचा संकल्प सहसा अर्ध्यावर सुटतो. आजपासूनचे प्रत्येक नवे काम नोंदवायचे आणि जुन्यापैकी जे दुरुस्तीसाठी उघडले जाईल तेवढे त्याच वेळी टिपायचे, हा मार्ग टिकतो. ज्या जॉइंटवर सर्वाधिक घरे अवलंबून आहेत, तो आधी. नावांचा नियम पहिल्या दिवशी ठरवायचा : गावाचा सांकेतिक क्रमांक, मग जॉइंट किंवा पेटीचा क्रमांक आणि तोच क्रमांक न पुसणाऱ्या शाईने पेटीवरही. महिन्यातून एकदा कोणतीही पाच ठिकाणे निवडून नोंद आणि खांब जुळतात का ते पाहायचे. भाडेकरू बदलला की लॉगिन बदलायचे किंवा नाव बदलायचे, हेही याच नियमात.

ग्राहकालाही यात थोडे करता येते. नवी जोडणी घेताना वेग आणि दर सगळेच विचारतात. त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारता येतील : ‘खोली सोडल्यावर माझ्या नावावरची जोडणी त्याच दिवशी बंद होईल का आणि त्याची पावती मिळेल का?’ आणि ‘तुमचा नेहमीचा माणूस सुट्टीवर असेल, तेव्हा माझी केबल कोण शोधेल?’ दुसऱ्या प्रश्नाला ‘तो फोनवर सांगेल’ असे उत्तर आले, तर त्या कंपनीची नोंद अजून त्याच्या डोक्यातच आहे असे समजावे.